‘इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अकरा वाजता नव्हे!

अकरावी-बारावीसाठी खेड्यांतून लातूर, नांदेडला आलेली मराठी माध्यमाची मुले इंग्रजी वाक्प्रचारांचा शब्दशः अर्थ लावतात आणि फसतात. उदाहरणार्थ, ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’.

अर्थ काय?
अगदी शेवटच्या क्षणी, ऐनवेळी.

अकराच का?
बायबलमधील एका दाखल्यात द्राक्षमळ्याचा मालक दिवस मावळायला तासभर उरला असतानाही मजूर कामाला लावतो. तेव्हा सूर्योदय ते सूर्यास्त असे 12 तास मोजत. म्हणून अकरावा तास म्हणजे सायंकाळचे साधारण पाच.

मराठीत काय?
‘घटका भरली’ म्हणजे वेळ संपली. तळाला छिद्र असलेले घटिकापात्र 24 मिनिटांत भरून बुडायचे, त्यावरून हा वाक्प्रचार आला.

लक्षात ठेवा
भाषांतरात ‘अकराव्या तासाला’ नको, ‘ऐनवेळी’ लिहा.