दोष नेहमी शेताचाच?

मनुस्मृतीने स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले. ही उपमा आपल्या बोलण्यात मुरली, पण एकाच अंगाने. पीक आले नाही की शेत नापीक. बियाणे कोण तपासणार? मूल न होणाऱ्या बाईसाठी ‘वांझ’ हा शब्द हजर असतो. पुरुषासाठी तसा रोजच्या वापरातला शब्दच नाही. ‘नपुंसक’ म्हणजे वेगळे. शरीरसंबंधात काहीही उणे नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू नसू शकतात.

डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि त्यांतले ४२ टक्के हलते, ही संदर्भासाठीची खालची पातळी. मात्र हा हिशेब संख्येचा आणि हालचालीचा झाला. शुक्रजंतूच्या डोक्यातला डीएनए तुटलेला असेल, तर या तपासणीत कळत नाही. शुक्रजंतूला ती तूट सांधता येत नाही. फलनानंतर ते काम अंड्याला करावे लागते. वयाबरोबर अंड्याचीही ताकद उणावते.

१९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी एकच शुक्रजंतू सुईने अंड्यात सोडून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. या ‘इक्सी’ पद्धतीमुळे अत्यल्प शुक्रजंतू असलेले पुरुषही बाप होऊ लागले. तिथेच २०१६ मध्ये, वडिलांतील दोषामुळे इक्सी करून जन्मलेल्या ५४ तरुणांची तपासणी प्रसिद्ध झाली. नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या समवयस्कांपेक्षा त्यांच्यात शुक्रजंतू कमी आढळले. अडचण ओलांडली गेली, मिटली नाही.

बीजाचा प्रभाव फलनापाशी संपत नाही. १९८४ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले, की वारेच्या वाढीत पित्याकडून आलेल्या जनुकांचा वाटा मोठा असतो. स्वीडनमधल्या माल्मोत उपचारांतून जन्मलेल्या सोळाशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. साध्या आयव्हीएफमध्ये वडिलांच्या शुक्रजंतूंतली डीएनएची तूट २० टक्के किंवा जास्त असली, की आईला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा घातक विकार, होण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोकाही वाढलेला होता. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी बीजाची तूट बाईच्या आणि बाळाच्या जिवाशी येऊ शकते, हे त्यातून दिसते.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू सोडणे, वृषणातल्या फुगलेल्या शिरांवर उपचार करणे, यांचा परिणाम दिसायला निदान तेवढा धीर हवा. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही. बाईला दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर झोपवण्याआधी ती व्हायला हवी.