बालकांची स्थूलता : राज्याचा कायदा आणि घरची सवय

बालकांची स्थूलता हे आळसाचे व हावरेपणाचे फळ होय, अशी समजूत जुनी आहे. परंतु ताटात काय यावे हे सहा वर्षांचे मूल ठरवीत नाही, आणि दुकानात काय मांडले जावे हे त्याची आईही ठरवीत नाही. म्हणून ह्या प्रश्नात राज्याचे कर्तव्य कोणते आणि कुटुंबाचे कोणते, ह्याचा विचार करणे अगत्याचे ठरते. त्या दृष्टीने दक्षिण अमेरिकेतील चिली ह्या देशाचा अनुभव उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास चिलीपुढे बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न होता; शतक संपता संपता त्याची जागा स्थूलतेने घेतली. २०१२ साली संमत झालेला आणि जून २०१६ पासून अंमलात आलेला तेथील कायदा तीन अंगांनी काम करतो. ज्या वेष्टनबंद पदार्थांत साखर, मीठ वा संपृक्त मेद मिसळल्यामुळे ह्या घटकांचे किंवा उष्मांकांचे प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे जाते, त्यांवर काळी अष्टकोनी खूण छापावी लागते. असे पदार्थ शाळेत विकता येत नाहीत. चौदा वर्षांखालील मुलांना उद्देशून त्यांची जाहिरात करता येत नाही. वेष्टनावरील व्यंगचित्रे व आतील खेळणी ह्यांनाही बंदी आहे. मर्यादाही टप्प्याटप्प्याने कडक केल्या गेल्या. घन पदार्थांतील साखरेची मर्यादा १०० ग्रॅममागे प्रथम २२.५ ग्रॅम होती. २०१९ मध्ये ती १० ग्रॅमवर आली.

परिणाम दोन प्रकारचे दिसून आले. पहिल्या दीड वर्षात अशी खूण असलेल्या पेयांची खरेदी, कायदा नसता तर जेवढी अपेक्षित होती तिच्या मानाने, शेकडा २३.७ ने घटली. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. मातांशी केलेल्या चर्चांतून असे आढळले की, शाळेत ह्या खुणेचा अर्थ शिकलेली लहान मुले स्वतःच आईला तसे पदार्थ घेऊ नकोस असे सांगू लागली. कोष्टकातील आकडे ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांनाही ही खूण वाचता येते. अर्थात कायद्याने घराला आज्ञा केली नाही. घरातील बोलण्याला एक सोपे चिन्ह पुरविले.

तथापि येथेच कायद्याची मर्यादाही स्पष्ट होते. चिलीतील शाळकरी मुलांपैकी सुमारे निम्मी मुले आजही जादा वजनाची वा स्थूल आहेत. खरेदी बदलणे आणि शरीर बदलणे ह्यांत बरेच अंतर आहे. खूण नसलेला पदार्थही अतिप्रमाणात खाता येतो. शिवाय कित्येक उत्पादकांनी साखर कमी करून तिच्या जागी कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये वापरली, तेव्हा गोडाची चटक कायम राहिली. ती सोडविण्याचे काम घराचेच. तहानेला पाणी देणे, पडद्यासमोर न जेवता सर्वांनी एकत्र जेवणे, पोट भरल्यावर आग्रह न करणे, बक्षीस म्हणून मिठाई न देणे, वेळेवर निजविणे व रोज तासभर मोकळे खेळू देणे, ह्या सवयी कोणत्याही अधिनियमाने लावता येत नाहीत. पण ज्या आईला कामावरून परतताना वाटेत केवळ गोड पेयेच स्वस्त व सुलभ मिळतात, तिला ह्या सवयींचा उपदेश करणे हाही अन्यायच होय.

भारताला हा विचार दूरचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील शेकडा २.१ वरून २०१९-२१ मध्ये ३.४ झाले, त्याच पाहणीत शेकडा ३५.५ बालके खुजी आढळली. २०२० च्या नियमांनी शाळेत व शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आहे. परंतु एकावन्नाव्या मीटरवर काय घडते, हे नियमाच्या कक्षेबाहेरचे आहे. तेथे मुलाच्या कामी येते ती घरी लागलेली सवय. आणि ती सवय टिकेल अशी परिस्थिती निर्माण करणे, एवढेच पण अत्यंत महत्त्वाचे कार्य राज्याचे आहे.