रस्ता ओलांडण्याचे दिवे

लंडन येथील पार्लमेंट-भवनानजीक इ. स. १८६८ च्या डिसेंबरांत तांबड्या व हिरव्या दिव्यांचा एक खांब उभारण्यांत आला. ते दिवे गॅसचे होते. पुढील जानेवारींतच स्फोट होऊन ते चालविणारा पोलीस जखमी झाला. आज तसले दिवे विजेचे आहेत. तथापि पादचाऱ्याचा जीव अजूनही त्यांच्या जोडणीवर अवलंबून आहे. हें मुलांस कळावें म्हणून आम्ही वर्गांत त्यांची प्रतिकृति केली.

प्रथम मोटारींस एक व पादचाऱ्यांस एक असे दोन दिवे घेऊन प्रत्येकास स्वतंत्र स्विच दिला. एका विद्यार्थ्यानें घाईंत दोन्ही एकदम हिरवे केले आणि खेळण्यांतील मोटार पुठ्ठ्याच्या मुलावर आदळली. वर्ग हंसला, परंतु लवकरच गंभीर झाला.

त्यावर उपाय असा. दोन रंगांचे, दोन पायांचे एल्. ई. डी. घ्यावे. डायोडांतून वीज एकाच दिशेनें वाहते. या दिव्यांत तांबडा व हिरवा असे दोन डायोड परस्परांच्या उलट बसविलेले असतात. म्हणून प्रवाहाची दिशा फिरली कीं रंग बदलतो. दोन्ही दिवे त्याच दोन तारांस जोडावे, परंतु एक दुसऱ्याच्या उलट. प्रत्येकाच्या वाटेंत ३३० ओहमचा रोधक घालावा. तीन सेलांच्या ४.५ व्होल्टांपैकीं सुमारें २ दिव्यावर पडतात, उरलेल्या २.५ व्होल्टांस ३३० नीं भागलें असतां सुमारें ७.५ मिलिअँपिअर प्रवाह येतो. तेवढा पुरे. रोधक नसल्यास दिवा जळण्याचा संभव असतो.

शेवटीं सहा टोकांचा दुहेरी स्विच बसवावा. मधल्या दोन टोकांस दिव्यांच्या तारा, एका बाजूच्या टोकांस सेलांचे धन व ऋण, आणि तेथून दुसऱ्या बाजूस तिरप्या तारा जोडाव्या. आतां कोणीं कितीही घाई केली तरी मोटारीस हिरवा असतां पादचाऱ्यास तांबडाच मिळतो. सुरक्षितता चालविणाऱ्याच्या स्मरणांत नसून तारेंत आहे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. अर्ध्या रस्त्यांत असलेल्या पादचाऱ्यास पलीकडे पोंचण्यापुरते दोन्ही दिवे तांबडे राहावयास हवे. या जोडणींत तें साधत नाहीं. त्यासाठीं समाईक ऋण पाय असलेले तीन पायांचे दिवे घेऊन प्रत्येक रंगास निराळी तार, निराळा रोधक व निराळा स्विच द्यावा. पादचाऱ्याच्या हिरव्यास वीज मात्र मोटारीच्या तांबड्या दिव्याच्या तारेवरूनच आणावी. म्हणजे मोटारीस तांबडा लागल्यावांचून तो लागणारच नाहीं.

हें काम पुढील वर्गानें हातीं घ्यावें. पुठ्ठ्याचा मुलगा कपाटांत वाट पाहत आहे.