इंदूरचे 'अरण्य'

कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला तयार घर परवडत नाही. पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेला छोटा भूखंड मात्र परवडू शकतो. इंदूर विकास प्राधिकरणाने १९८०च्या दशकात 'अरण्य' वसाहतीत हेच केले. आराखडा वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींचा. सुमारे ६,५०० भूखंड आखले. सर्वांत गरिबांसाठी ३५ चौरस मीटरची जागा, त्यावर जोते आणि संडास-न्हाणी. खोल्या कुटुंबाने हाती पैसा येईल तशा वाढवायच्या. भूखंड स्वस्त कसे झाले? ऐपतदारांना मोठे भूखंड नफ्याने विकून. मला ही विभागणी अगदी न्याय्य वाटते. १९९५ साली वसाहतीला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आपल्या नगरपालिकांनी हा नमुना जरूर अभ्यासावा.