मोटारींतील बिनतारी यंत्र आणि इंजिनाची शिटी

आमचें आखाडा बाळापूर हें हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील, नांदेडच्या रस्त्यावरचें गांव. सन २०२४ च्या मार्चांत आणि पुन्हां जुलैंत, दोन्ही वेळां सकाळच्या प्रहरीं, या जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. त्या सकाळीं मला कितीतरी वेळ मुलीचा फोन लागेना. पुढें माझ्या पुतण्यानें हौशी बिनतारीचा रीतसर परवाना काढून आपल्या जिपेंत बोलण्या-ऐकण्याचें यंत्र बसविलें, तें याच धास्तीनें. परंतु गाडी उभी असतां खणखणीत ऐकूं येणारें बोलणें इंजिन सुरू होतांच एका शिटींत बुडून जाई. संकटसमयीं ‘दोन जखमी’ कीं ‘दहा जखमी’ हेंच कळलें नाहीं, तर तें यंत्र काय कामाचें?

शहरांतील एका दुकानदारानें गाडी न पाहतांच ‘फिल्टर’ नांवाची एक डबी आमच्या गळ्यांत मारली. शिटी कायम! नाडी पाहिल्यावांचून दिलेल्या मात्रेचा दुसरा कोणता गुण यावा?

येथें नाडी पाहावयाची ती कानानें. पेट्रोलच्या इंजिनांत इंधन ठिणगीनें पेटतें, आणि अशी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटेंसें प्रक्षेपण केंद्रच होय. हर्ट्झ यांनीं १८८७-८८ च्या सुमारास जर्मनींत विद्युल्लहरी सिद्ध करून दाखविल्या त्या ठिणगीच्याच योगें, आणि १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनीं केलेल्या प्रयोगांतहि ठिणगीच होती. आतां शाळेंतला हिशेब मांडूं. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्यास दोन, म्हणजे सेकंदाला ५० ठिणग्या पडतात. कानाला ती तडतड वाटते. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरची गोष्ट वेगळी. पट्ट्याच्या योगानें तो इंजिनाच्या दुप्पट वेगानें फिरतो असें धरूं, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. त्याच्या पोटांत बहुधा १२ चुंबकीय टोकें व तीन पदरी गुंडाळी असते, आणि सहा डायोड उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेस लावतात. एका फेऱ्यांत ३६ लाटा, सेकंदाला १,८००! ही झाली शिटी. जुन्या डिझेल गाडींत तर ठिणगीच नसते; तिच्यासाठीं ठिणगीवरचे उपाय विकत घेणें व्यर्थ. आमची जीप डिझेलची आहे.

दुसरा प्रश्न असा कीं, आवाज कोणत्या वाटेनें येतो? एरियलची तार यंत्रापासून सोडवून पाहावी. आवाज थांबला, तर तो हवेंतून एरियलच्या द्वारें येत होता; तसाच राहिला, तर तो वीज पुरविणाऱ्या तारांतून येत आहे. मात्र एक गोष्ट गांठीं बांधून ठेवावी. एरियल सुटलेली असतां बोलण्याचें बटन कदापि दाबूं नये. प्रक्षेपणाच्या शक्तीस बाहेर पडावयास वाट न मिळून आंतील ट्रान्झिस्टर जळण्याचा संभव असतो.

आमची शिटी एरियल काढूनहि राहिली. हेडलाइट लावतांच, अल्टरनेटरवर भार पडून, ती अधिकच चढली. निदान झालें. पुतण्यानें यंत्राला वीज सिगारेट पेटविण्याच्या खोबणींतून दिली होती, आणि त्या वाटेनें गाडींतील साऱ्या उपकरणांचा कलकलाट आंत शिरत होता. थेट बॅटरीपासून दोन जाड तारा आणल्या व बॅटरीजवळच फ्यूज घातला. शिटी पुष्कळ उतरली, पण गेली नाहीं. तेव्हां मिस्त्रीनें अल्टरनेटर उघडला. एक डायोड मेलेला होता. सकाळीं सकाळीं ती जीप आम्हांला ढकलावी कां लागे, याचाहि उलगडा त्याच वेळीं झाला! डायोड बदलल्यावर शिटी बंद झाली.

पेट्रोलच्या गाडीस उपाय निराळा. तिला सुमारें ५,००० ओहम रोध असलेले प्लग व तशाच जातीची तार लागते; साधी तांब्याची तार खरखर वाढविते. एरियलच्या बुडाशीं असलेला रंग खरवडून धातूला धातू भिडवावा. बॉनेट व धुराची नळी विणीच्या पट्टीनें सांगाड्यास जोडली, तर तेंहि उपयोगीं पडतें.

आणि इंजिन बंद असतांहि आवाज येत असेल, तर इंजिनाला दोष देऊं नये. स्वस्तांतले मोबाइल चार्जर आणि एलईडी दिवे असा उपद्रव पुष्कळदां करतात. एकेक काढून पाहावें.