‘ट्रेनी’ म्हणून कामाला लागताय? आधी कागद बघा, मग बस धरा

भोर/वेल्हे : बारावीचा निकाल लागला की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो. “ट्रेनी पाहिजेत. दहावी, बारावी, आयटीआय. बसची सोय, कॅन्टीन, लगेच जॉइनिंग.” नसरापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा इथल्या थांब्यांवर सकाळच्या पाळीला पोरं-पोरी उभी दिसतात. कोणी खेड शिवापूरला जातं, कोणी शिरवळला. मार्गासनी, विंझरकडची मुलं आधी नसरापूर गाठतात आणि तिथून पुढची गाडी धरतात.

काही महिन्यांनी यातले बरेच जण परत घरी आलेले असतात. “काय शिकलास?” असं विचारलं की उत्तर येतं, “लाइनवर होतो.” दाखवायला एखादं प्रमाणपत्र नसतं, दुसऱ्या कंपनीत सांगायला कामाचं नाव नसतं. म्हणजे पुन्हा ट्रेनी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

‘ट्रेनी’ हा शब्द एकच असला तरी त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. आपण कशात शिरतोय हे पहिल्याच दिवशी कळलं, तर पुढचं वर्ष वाया जात नाही.

प्रकार पहिला : कायद्यातला अप्रेंटिस

देशात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा त्यापेक्षा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतकी त्याची मर्यादा आहे आणि या मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरतात.

अप्रेंटिसचा लेखी करार होतो. तो केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला जातो. करारात कामाचा ट्रेड, मुदत आणि विद्यावेतन लिहिलेलं असतं. २०१९ च्या नियमांनुसार किमान विद्यावेतन दहावी पासला महिना ६ हजार, बारावी आणि आयटीआय पासला ७ हजार, पदविकेला ८ हजार आणि पदवीला ९ हजार रुपये ठरलं. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ होते. हे दर वाढवावेत अशी शिफारस केंद्रीय परिषदेने २०२५ मध्ये केली आहे, त्यामुळे करार करताना पोर्टलवरचा चालू दर बघून घ्यावा. ही किमान रक्कम आहे, कंपनी जास्त देऊ शकते.

केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त दीड हजार रुपयांचा वाटा सरकार थेट उमेदवाराच्या खात्यावर टाकतं. त्यासाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं. कंपनीकडून पैसे थोडे कमी आलेले दिसले तर भांडायला जाण्याआधी हा वाटा जमा झालाय का, ते पासबुकात बघावं.

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. कायद्याने अप्रेंटिस हा शिकणारा आहे, कामगार नाही. त्याला पीएफ लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही. मात्र सुरक्षिततेचे नियम त्यालाही लागू असतात आणि काम करताना इजा झाली तर भरपाईचा हक्क असतो. परीक्षा पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र देशभर चालतं.

प्रकार दुसरा : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण

राज्य सरकारने २०२४ मध्ये ही योजना आणली. १८ ते ३५ वयाच्या, राज्यातल्या रहिवासी तरुणांसाठी ती आहे. नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते. बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार आणि पदवीला १० हजार रुपये विद्यावेतन राज्य सरकार थेट खात्यावर देतं. मुदत आधी सहा महिने होती, ती पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवली.

यात खासगी कारखान्यांबरोबर सरकारी कार्यालयांतही जागा मिळाल्या. ही कायम नोकरी नाही, हे योजनेत स्पष्ट आहे. तरी मुदत संपल्यावर कायम करावं म्हणून प्रशिक्षणार्थींनी राज्यात आंदोलनं केली. घरचा माणूस अकरा महिने रोज कामावर जातो, तेव्हा घराला ती नोकरीच वाटते. म्हणून प्रवेश घेतानाच घरात बसून ठरवावं की या अकरा महिन्यांत नेमकं काय हाताखालून घालायचं आहे.

प्रकार तिसरा : तोंडी ट्रेनी

करार नाही, पोर्टलवर नोंद नाही. ठेकेदार सांगतो, “उद्यापासून ये, आधार कार्ड आण.” पहिल्या दिवसापासून पूर्ण कामगाराचं काम असतं आणि नाव मात्र ट्रेनी.

नुसतं ट्रेनी म्हटल्याने कोणी कायद्यातला अप्रेंटिस होत नाही. नोंदलेला करार नसेल आणि कामगाराइतकंच काम करून घेतलं जात असेल, तर किमान वेतन आणि पीएफचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी कामगार आयुक्त कार्यालय आणि पीएफ कार्यालय आहे. पण तिथे दाखवायला काहीतरी लागतं. म्हणून गेट पास, हजेरीचा फोटो, पगार जमा झाल्याचा मेसेज, ठेकेदाराचं नाव हे सगळं मोबाईलमध्ये जपून ठेवावं.

चांगली कंपनी शिकवते कशी?

कागद झाला. आता शिकणं खरंच चाललंय का, हे कसं ओळखायचं?

नीट चालवलेल्या कारखान्यात लाइनच्या शेजारी एक बोर्ड असतो. डाव्या बाजूला कामगारांची नावं, वर कामांची नावं आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेला गोल. याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. एक भाग भरला म्हणजे काम शिकतोय. दोन भरले म्हणजे कोणी शेजारी उभं असेल तर करतो. तीन म्हणजे एकट्याने करतो. चारही भाग भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कंपनीगणिक थोडा फरक असतो, पण कल्पना हीच.

ट्रेनीने या बोर्डावर आपलं नाव आहे का, हे बघावं. तीन महिन्यांत एकही भाग वाढला नसेल तर सुपरवायझरला सरळ विचारावं, “साहेब, पुढचं काम कधी?” बोर्डच नसेल तर घरी वहीत लिहावं : कोणतं मशीन, कोणतं काम, कोणत्या तारखेपासून एकट्याने. पुढच्या मुलाखतीत ही वही उपयोगी पडते.

शिकवायची एक पद्धत जगभर वापरली जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कामगार आघाडीवर गेले आणि कारखान्यात नवखी माणसं आली. त्यांना लवकर तयार करण्यासाठी चार पायऱ्या ठरवल्या गेल्या. आधी माणसाचं मन तयार करा, त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा आणि प्रत्येक टप्पा का, ते सांगा. मग त्याला करू द्या आणि त्याच्याच तोंडून टप्पे वदवून घ्या. शेवटी एकटा सोडा, पण अधूनमधून बघायला जा. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखान्यांत रुजली.

शिकवलं तर माणूस पळून जाईल?

मालकांची नेहमीची तक्रार असते, “आम्ही शिकवायचं आणि त्याने पाचशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या कंपनीत जायचं.” तक्रार अगदीच खोटी नाही. पण न शिकवलेला माणूस तर आणखी लवकर जातो. त्याला इथलं काम आणि तिथलं काम सारखंच असतं. आवणीला आठ दिवस सुट्टी मागितली आणि मिळाली नाही, की तो परत येत नाही. मग नवा माणूस, पुन्हा तोच खराब माल, पुन्हा तीच बोटाला इजा व्हायची भीती.

आपल्याच राज्यात याचं जुनं उदाहरण आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या उजाड माळावर कारखाना उभा केला. तिथे लोखंडी नांगर बनू लागले. आसपास तयार कामगार मिळणं शक्य नव्हतं. खेड्यातल्या माणसांना तिथेच ओतकाम, लोहारकाम, मशीनचं काम शिकवलं गेलं. कारखान्यातले शंभूराव जांभेकर यंत्र समजून घेण्यात पटाईत होते. कारखान्याबरोबर राहायची वसाहत उभी राहिली आणि किर्लोस्करवाडी हे गावच झालं. काम, शिकणं आणि घर एका जागी मिळाल्यावर माणसं तिथे राहिली.

आजही कामगाराला धरून ठेवणाऱ्या गोष्टी फार वेगळ्या नाहीत. कौशल्य वाढलं की पगार किती वाढेल हे आधी सांगणं. रात्रपाळी सुटल्यावर घरापर्यंत गाडी. लावणी-काढणीच्या दिवसांचं वेळापत्रक आधी बसून ठरवणं. भोर-वेल्ह्याचा कामगार अर्धा शेतकरी असतो, हे ज्या कारखान्याला कळतं त्याची हजेरी पावसाळ्यात फार पडत नाही.

गावातल्या धंद्यालाही हेच लागू

हे फक्त मोठ्या कंपनीचं नाही. गावातल्या दूध संकलन केंद्राचं बघा. फॅट मशीनवर बसणारा मुलगा दर तीन महिन्यांनी बदलत असेल, तर नुकसान दूध घालणाऱ्याचं होतं. दूध नीट न ढवळता नमुना घेतला तर फॅट चुकतो, कारण मलई वर येते. नमुन्यात फेस राहिला किंवा मशीन वेळेवर धुतलं नाही तरी आकडा चुकतो. नव्या माणसाला हे चार पायऱ्यांनी दोन दिवस शिकवलं आणि आठवडाभर जुना माणूस शेजारी बसवला, तर रोजचा वाद मिटतो.

चारपेक्षा कमी माणसं असतील तर कायद्याखाली अप्रेंटिस घेता येत नाही. चार ते २९ माणसं असतील तर घ्यायचे की नाही, ते मालकाच्या मर्जीवर आहे. गॅरेज, हॉटेल, राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा मोठा पर्यटन व्यवसाय यांनी हा मार्ग विचारात घ्यायला हरकत नाही. सरकारचा वाटा इथेही मिळू शकतो.

मोबाईलवर किती शिकता येतं?

केंद्राच्या ‘भारत स्किल्स’ पोर्टलवर आयटीआयच्या ट्रेडचे अभ्यासक्रम, प्रश्नसंच आणि व्हिडिओ मोफत आहेत. ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वरही कोर्स आहेत. वेलवंड, गुंजवणीच्या खोऱ्यात जिथे रेंज धरत नाही, तिथल्या मुलांनी बाजाराच्या गावी आल्यावर व्हिडिओ उतरवून घ्यावेत.

मात्र मोबाईल ओळख करून देतो, हात बसवत नाही. मायक्रोमीटर कसा वाचायचा हे व्हिडिओत कळतं, पण बोटाला किती दाब द्यायचा हे शंभर वेळा मोजल्यावरच कळतं.

सही करण्याआधी

– करार पोर्टलवर नोंदला आहे का? त्याचा नंबर आणि प्रत मागून घ्या.
– ट्रेड, मुदत आणि विद्यावेतन लिहिलेलं आहे का?
– शेवटी कोणती परीक्षा, कोणतं प्रमाणपत्र?
– करार मध्येच मोडला तर काय? मालकाच्या चुकीने मोडला तर भरपाई मिळू शकते. उमेदवाराच्या चुकीने मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागू शकतो.
– मूळ मार्कशीट, मूळ दाखला कोणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्या.
– नोकरी लावण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

काही अडलं तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारावं. अप्रेंटिसशिपची कामं तिथल्या शिक्षकांच्या रोजच्या ओळखीची असतात. बस उद्याही येते. कागद वाचायला एक दिवस गेला तर काही बिघडत नाही.