गंजलेली चौकट



जुन्या मोटारीच्या समोरच्या काचेची चौकट हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. पण आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या फाटकांवर व गॅरेजांच्या दारांत फार झाले. तेथे जे कळले तेच आम्ही सांगू शकतो.

उदाहरणादाखल जुनी जीप घेऊ. विलिज जीपांची जुळणी महिंद्रांनी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली, आणि हौसेने जपलेल्या तशा गाड्या आजही पाहावयास मिळतात. जीपच्या काचेची चौकट खाली बिजागऱ्यांवर उभी असते व बॉनेटवर आडवी पाडता येते. म्हणजे ती सुटी व्हावी अशीच केलेली आहे. असे असूनही ती गंजली म्हणजे सोडविण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. फुगलेला रंग खरवडावयाचा, भोकांत लांबी भरावयाची, वरून रंगाचा हात द्यावयाचा; मालक खूश. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा फोड येतात, आणि बोल मात्र कारागिराला!

याचे कारण असे की हा गंज आतून येतो. चौकट पत्र्याची, आतून पोकळ. काचेभोवतीचे रबर जुने होऊन तडकते, पाणी खालच्या पट्टीत उतरते आणि तेथल्या धुळीत मुरून राहते. लोखंड, पाणी व हवा एकत्र आली की गंज चढावयाचाच. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तर अधिक लवकर. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. म्हणून पत्रा फुगतो, बोल्ट जाम होतात आणि रेटा बसून काच कोपऱ्यात तडकते. बाहेर फोड दिसला त्या वेळी आतला पत्रा बहुधा गेलेलाच असतो.

सोडविण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावेत. मग वायपर काढावे. बोल्टांवर पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी पाना लावल्यावर बोल्ट आधी किंचित आवळावा, मग ढिला करावा; गंजाची पकड सुटते. तरीही न हलला तर उष्णता द्यावी, पण काच व रबर दूर झाल्यावरच, आणि तेल पुसून. काच रबरात बसविलेली असेल तर जुने रबर पात्याने कापून टाकावे; रबर नवे मिळते, जुनी काच सहज मिळत नाही.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते सांगतो. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासला की धूळ घासणाऱ्याच्या छातीत जाते, आणि कपड्यांवरून घरी मुलांपर्यंत पोहोचते. वाळूच्या फवाऱ्याने गंज काढणे तर त्याहून वाईट. त्याने पातळ पत्रा वाकतो, आणि वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो, ज्यावर औषध नाही. ब्रिटनने अशा कामात वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनी बंदी केली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा व सिलिकोसिस हे दोन्ही रोग सरकारला कळविणे बंधनकारक केले होते; पण यंत्रशक्ती असलेल्या जागी निदान दहा कामगार असल्यावाचून तो कायदा सहसा लागू होत नसे. तीन माणसांच्या गॅरेजात कोण कोणाला कळविणार? म्हणून रंग ओला करून वॉटर पेपरने घासावा, योग्य मुखपट्टी बांधावी, कपडे बदलून घरी जावे. याला वेळ लागतो. तो वेळ मजुरीत धरावा, एवढीच आमची मागणी आहे. मोटार जपण्याची हौस असणाऱ्याला ती जड नाही.

पुढचे काम सरळ आहे. सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा. कापण्यापूर्वी चौकटीला आडवी पट्टी बांधावी, नाहीतर ती वाकडी होते. तेवढ्याच जाडीचा तुकडा बेतून वेल्डिंगचे टाके एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असे मारावेत, म्हणजे उष्णता एके ठिकाणी साचत नाही. कर्ण पुन्हा मोजावेत. गंजरोधक अस्तर, मग रंग, आणि पोकळीत पातळ मेण.

काच बसविताना नवे रबर काचेभोवती चढवावे, त्याच्या बाहेरच्या खाचेत सुतळी घालून दोन्ही टोके आत सोडावीत आणि साबणाचे पाणी लावावे. एकाने बाहेरून हलके दाबावे, दुसऱ्याने आतून सुतळी ओढावी. रबराची कड चौकटीवर आपोआप चढते. चौकटीच्या तळाशी पाणी जावयाची भोके रंगाने बुजू देऊ नयेत, नसल्यास अस्तरापूर्वीच दोन पाडून घ्यावीत, आणि दरवर्षी मृगाच्या आधी त्यांतून तार फिरवावी.